कॉटन ग्रीन आणि पिवळा दिवा

हार्बर लाइनवर रे रोड आणि शिवडी यांच्या मधे कॉटन ग्रीन नावाचं स्टेशन आहे. मुंबईबाहेरचा पाहुणा हे नाव ऐकून खिडकीतून हिरवळ शोधायला लागतो. हिरवळ नाही आणि आता कापसाच्या गासड्याही नाहीत. आहेत ती लांबच लांब गोदामं, कबुतरं, ट्रक, आणि गोदामांच्या आडोशाने वाढलेली गॅरेजं.

नावाची गोष्ट मात्र खरी आहे. आजच्या हॉर्निमन सर्कलच्या जागी पूर्वी मोकळं मैदान होतं, त्याला बॉम्बे ग्रीन म्हणत. कापसाच्या गासड्या तिथेच रचल्या जायच्या. १८४४ मध्ये हा बाजार कुलाब्याला हलवला, तेव्हा 'ग्रीन' हा शब्दही गासड्यांबरोबर तिकडे गेला. पुढे पोर्ट ट्रस्टने माझगाव-शिवडीच्या खाडीत भराव घातला आणि १९२० च्या दशकात कापूस तिथून इथे आला. शब्द पुन्हा सोबत आलाच! कापसाच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेची (स्थापना १९२१, आजची कॉटन असोसिएशन ऑफ इंडिया) कॉटन एक्सचेंजची इमारत आजही स्टेशनपाशी उभी आहे.

मंडळी, आजचा विषय कापूस नाही. आजचा विषय आहे गाडीच्या डॅशबोर्डवर पेटणारा तो पिवळा दिवा, ज्याला आपण 'चेक इंजिन' म्हणतो आणि जो पेटला की पोटात गोळा येतो. पण मला या दोन्ही गोष्टी वेगळ्या वाटत नाहीत. का, ते सांगतो. जरा दमाने घ्या, विषय लांबचा आहे.

कापूस पारखणारी माणसं पूर्वी काय करायची? गासडीतून मूठभर कापूस काढायचा, दोन्ही हातांच्या अंगठ्यांत धरून ओढायचा, पुन्हा जुळवायचा, पुन्हा ओढायचा, धागे सरळ एका रांगेत येईपर्यंत. मग त्यांची लांबी डोळ्यांनी मोजायची. रंग उजेडात बघायचा, कचरा किती ते बघायचं, आणि भाव सांगायचा. त्या एका शब्दावर शेकडो गासड्यांचा सौदा व्हायचा. ही विद्या कुठल्या पुस्तकात नव्हती, बोटांत होती.

१९२४ मध्ये माटुंग्याला कापसाची सरकारी प्रयोगशाळा निघाली (आज तिला सिरकॉट म्हणतात). तिथे नमुन्याचं प्रत्यक्ष सूत कातून बघत आणि कापूस किती नंबरच्या सुतापर्यंत जातो ते ठरवत. आज एचव्हीआय नावाचं यंत्र लांबी, ताकद, जाडी, रंग आणि कचरा असे सगळे आकडे झटपट छापून देतं. पारखी माणूस संपला का? संपला नाही. पण त्याच्या बोटांचा शब्द आता शेवटचा राहिला नाही. शेवटचा शब्द कागदावरच्या आकड्याचा.

अगदी हीच गोष्ट थोड्या वर्षांच्या फरकाने शेजारच्या गॅरेजांत घडली.

फार लोकांना ठाऊक नसतं, पण भारतातला मोटारी जुळवण्याचा पहिला कारखाना याच परिसरात निघाला. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला शेवरोले गाड्यांची जुळणी सुरू केली. सुटे भाग बोटीने यायचे आणि इथे गाडी उभी राहायची. स्वातंत्र्यानंतर सरकारने सांगितलं की नुसती जुळणी नको, भाग इथेच बनवा. कंपनीने १९५४ मध्ये काम बंद केलं. तोवर वालचंद हिराचंदांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स (स्थापना १९४४) कुर्ल्याला उभी राहिली होती. तिथल्याच फियाट ११०० ची पुढे पद्मिनी झाली, आणि काळी-पिवळी म्हणजे पद्मिनी हे समीकरण मुंबईत कित्येक वर्षं टिकलं. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरमध्ये रजिस्टर झाली आणि वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये रस्त्यावरून उतरली.

या पद्मिन्या दुरुस्त करणाऱ्यांपैकी एक आमचे मामा. घरातली मंडळी वाचताहेत, त्यांना ओळख करून द्यायला नको. इतरांसाठी सांगतो. मामा काळाचौकीला राहतात. गिरणीत मेंटेनन्सला होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि अडीच लाख गिरणी कामगारांबरोबर मामाही घरी बसले. वर्षभर वाट पाहिली. मग कॉटन ग्रीनच्या गोदामांमागे एका ओळखीच्या मिस्त्रीकडे, तिशी उलटलेली असताना, पोऱ्या म्हणून लागले. हाताखालची पोरं पंधरा-सोळा वर्षांची होती. मामी त्या दिवसांबद्दल फार बोलत नाहीत.

मामा म्हणतात, गिरणीने मला कान दिले. शंभर साचे एकदम चालू असताना त्यातला एक बिघडलेला ओळखायचा असेल तर आवाज वाचता यावा लागतो. कार्बोरेटरच्या गाडीला हेच लागायचं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवून दांडा कानाला लावायचा, की टॅपेट वाजतोय की बेअरिंग ते कळायचं. गाडी 'मिसिंग' मारत असेल तर प्लगच्या वायरी एकेक करून काढायच्या. जी काढल्यावर आवाजात काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर मेलेला. प्लग काढून बघायचा. बिस्किटाच्या रंगाचा असेल तर छान, काजळी धरलेला असेल तर पेट्रोल जास्त जातंय, पांढरा पडला असेल तर पेट्रोल कमी पडतंय किंवा प्लग तापतोय. सायलेन्सरचा धूर काळा तर पेट्रोल जळत नाही, निळा तर ऑइल जळतंय, पांढरा आणि थांबत नसेल तर हेड गॅस्केट गेलं, पाणी आत शिरतंय. गाडी स्वतःच सांगायची. ऐकणारा हवा.

मग दिवा आला. तो आला धुरामुळे, आणि इतिहासाचा हा भाग मला फार गमतीचा वाटतो. लॉस एंजेलिसवर दाटणारं डोळे चुरचुरवणारं धुरकं मुख्यतः मोटारींच्या धुरावर ऊन पडून तयार होतं, हे हागेन-स्मिट नावाच्या मूळच्या डच रसायनशास्त्रज्ञाने १९५० च्या सुमारास दाखवून दिलं. कॅलिफोर्नियाने कायदे केले. धूर स्वच्छ हवा तर पेट्रोल आणि हवेचं प्रमाण काटेकोर हवं, आणि ते काम कार्बोरेटरच्या आवाक्याबाहेरचं. तिथे इंजेक्शन आणि कॉम्प्युटर आले. पण सेन्सर बिघडला तरी गाडी चालतच राहते आणि मालकाला कळतही नाही. म्हणून कॅलिफोर्नियाने १९८८ च्या मॉडेलपासून सक्ती केली की गाडीने स्वतःची तपासणी करावी आणि बिघडलं तर दिवा लावावा. १९९६ पासून अमेरिकेत सगळ्या नव्या मोटारींना एकाच आकाराचं सोळा पिनांचं सॉकेट आणि एकाच पद्धतीचे कोड आले. हेच ओबीडी-टू. शिवाय १९९० च्या तिथल्या कायद्याने धुराशी संबंधित दुरुस्तीची माहिती बाहेरच्या मेकॅनिकलाही देणं कंपन्यांवर बंधनकारक केलं. ही शेवटची ओळ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आपल्याकडे १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि शिसेविरहित पेट्रोल आलं. शिसं कन्व्हर्टरला आणि ऑक्सिजन सेन्सरला मारतं, म्हणून ही जोडी एकदमच आणावी लागली. १९९९ मध्ये सुप्रीम कोर्टाने दिल्लीसाठी युरो नियम लावले आणि मग मुंबईतही कार्बोरेटरचे दिवस भरले. मारुतीच्या गाड्यांच्या पाठीवर 'एमपीएफआय' अशी अक्षरं झळकू लागली. पुढे बीएस-फोरच्या गाड्यांना २०१० पासून ओबीडीचा पहिला टप्पा आणि २०१३ पासून दुसरा सक्तीचा झाला.

मामांच्या गॅरेजात पहिली एमपीएफआय गाडी आली तेव्हा तिचं बॉनेट उघडून सगळे नुसते बघत राहिले म्हणे. कार्बोरेटरच नाही! पंधरा-सोळा वर्षांत जमवलेली विद्या त्या दिवशी बॉनेटखाली कुठे टेकवायची तेच कळेना. मामांचा एक जोडीदार तर म्हणाला, "गिरणीसारखं झालं, पुन्हा एकदा."

मामा घरी बसले नाहीत. कुणीतरी सांगितलं की त्या गाड्यांत बॉनेटखाली तपासणीचा एक कपलर असतो. त्यातली ठरावीक दोन टर्मिनलं वायरच्या तुकड्याने जोडली आणि इग्निशन ऑन केलं की चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागतो. ते मोजायचं. एकदा लुकलुक, थांबून दोनदा, म्हणजे बारा. बारा म्हणजे सगळं ठीक. दुसरा आकडा आला तर एखादा सेन्सर तक्रार करतोय. मामांनी शाळेच्या वहीत आकडे उतरवून घेतले. ती वही मी पाहिली आहे. डावीकडे आकडा, उजवीकडे त्यांच्या अक्षरात 'पाण्याच्या गरमीचा सेन्सर', 'थ्रॉटलचा सेन्सर'. आणि तिसरा रकाना त्यांनी स्वतःच आखलेला: 'खरं काय निघालं'.

तो तिसरा रकाना म्हणजे या सगळ्या विद्येचं सार आहे असं मला वाटतं.

कारण कोड म्हणजे काय? आजचा एखादा कोड घ्या, पी ०१७१. पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सचं खातं (बी म्हणजे बॉडी, सी म्हणजे चासी, यू म्हणजे आपसातलं नेटवर्क). पुढचं शून्य म्हणजे सगळ्या कंपन्यांना समान असलेला कोड. तिथे एक असेल तर तो कंपनीचा स्वतःचा. त्यापुढचा एक म्हणजे हवा आणि इंधनाचा विभाग (तीन असता तर इग्निशनचा). आणि ७१ म्हणजे मिश्रण पातळ, हवा जास्त किंवा पेट्रोल कमी. एवढंच. का पातळ, ते कोड सांगत नाही. मामा म्हणतात, "हा एफआयआर आहे रे, निकाल नाही."

मग निकाल कसा लावायचा? ऑक्सिजन सेन्सरच्या सांगण्यावरून कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय ते स्कॅनरवर दिसतं. त्याला फ्युएल ट्रिम म्हणतात. गाडी जागेवर चालू असताना ही वाढ वीस टक्के, आणि रेस देऊन अडीच हजारावर नेली की पाचवर येते, असं असेल तर इंजिन कुठूनतरी चोरून हवा ओढतंय. चिरलेला व्हॅक्युम पाइप नाहीतर मॅनिफोल्डचं गॅस्केट. कारण चोरवाटेची हवा साधारण तेवढीच राहते, पण रेस दिल्यावर एकूण हवा वाढते आणि चोरीचा वाटा कमी होतो. उलट, जोर लावला की वाढ आणखी चढत असेल तर पेट्रोल पुरत नाही. पंप थकलाय, नाहीतर फिल्टर तुंबलाय. कोड एकच, कारणं दोन, आणि दोन्हींचा खर्च एकदम वेगळा.

किंवा पी ०३०१ घ्या. पहिल्या सिलिंडरची ठिणगी चुकतेय. मामा एक नंबरची कॉइल दोनवर लावतात आणि दोनची एकवर. कोड पी ०३०२ झाला तर कॉइल गेली. जागचा हलला नाही तर प्लग बघा, इंजेक्टर बघा, कॉम्प्रेशन बघा. आठवलं का काही? वायरी एकेक काढून मेलेला सिलिंडर शोधायची तीच जुनी युक्ती, फक्त कानाच्या जागी स्कॅनर.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि शहरातल्या अगणित गाड्या पाण्यात बुडाल्या. नंतरचे कित्येक महिने मामांच्या वहीत वेगळीच नोंद दिसते. एका गाडीत एकाच वेळी चार-चार सेन्सरचे कोड. नवखा मेकॅनिक चार सेन्सर बदलेल. मामांनी विचार केला, चौघे एकदम कसे मरतील? चौघांचं समान काय आहे? अर्थिंगची वायर किंवा त्यांना मिळणारा पाच व्होल्टचा पुरवठा. बघितलं तर अर्थिंगचा बोल्ट गंजलेला. सॅंडपेपर मारला, घट्ट केला, चारही कोड गेले. गोदामांच्या परिसरात अशी दुसरी नेहमीची नोंद म्हणजे उंदीर! धान्याची गोदामं आहेत म्हटल्यावर ते आलेच, आणि त्यांना वायरिंगही चालतं. 'खरं काय निघालं' या रकान्यात 'उंदीर' हा शब्द मी पाच वेळा मोजला :)

आता ज्या प्रसंगामुळे हे सगळं लिहायला बसलो तो सांगतो. आमच्या नात्यातल्या एका ताईंच्या गाडीचा दिवा पेटला. त्या एकट्या कमावत्या, गाडी कर्जाची. एका सर्व्हिस सेंटरने (नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही) पी ०४२० कोड वाचला, म्हणजे कन्व्हर्टरचं काम समाधानकारक नाही, आणि सरळ कन्व्हर्टर बदलायचं पस्तीस हजारांचं एस्टिमेट हातात ठेवलं. ताई मामांकडे आल्या. मामांनी आधी गाडी थंड असताना चालू केली आणि एक्झॉस्टच्या पाइपापाशी कान नेला. बारीक फटफट ऐकू आली. जोडाचं गॅस्केट फुटलं होतं. तिथून बाहेरची हवा आत खेचली जायची, ऑक्सिजन सेन्सर फसायचा आणि दोष बिचाऱ्या कन्व्हर्टरवर यायचा. गॅस्केट बदललं, कोड पुसला. काही दिवस गाडी चालवून सगळ्या चाचण्या पूर्ण होऊ दिल्या, कारण कोड पुसला की गाडी आपली तपासणी पहिल्यापासून सुरू करते आणि लगेच दिवा नाही म्हणजे बरं झालं असं नसतं. दिवा परत लागला नाही. मजुरी धरून हजाराच्या आत काम झालं.

यात स्कॅनर वाईट आणि कान चांगला असं मला म्हणायचं नाही. स्कॅनरशिवाय मामांनाही काही कळलं नसतं. कोडने सांगितलं कुठे बघ, कानाने सांगितलं काय आहे. कापसाचंही तेच. एचव्हीआयचा आकडा आला म्हणून कापूस हातात घेऊन बघणारा माणूस वेडा ठरत नाही. अडचण तेव्हा होते, जेव्हा आकडा बघायचा हक्कच एका बाजूकडे राहतो.

आणि आपल्याकडे तो तसा राहिला होता. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ ला चौदा कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींहून जास्त दंड ठोठावला. ठपका होता तो असा, की सुटे भाग आणि तपासणीची यंत्रं बाहेरच्या मेकॅनिकला मिळू दिली जात नाहीत. भाग, यंत्रं आणि माहिती खुल्या बाजारात उपलब्ध करा, असंही आयोगाने सांगितलं. प्रकरण पुढे अपिलांत गेलं. २०२२ मध्ये केंद्र सरकारने 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल काढलं. पण मामांसारख्यांना खरा हात दिला तो त्या सोळा पिनांच्या सॉकेटने. हजार रुपयांच्या आतलं ब्लूटूथचं यंत्र त्यात खोचलं की समान कोड कुणालाही वाचता येतात. ते दार कुणाच्या मेहेरबानीने उघडलेलं नाही. धुराच्या कायद्याने ते उघडायला लावलं.

म्हणूनच पुढचा प्रश्न मला बोचतो. विजेच्या गाडीला धूर नाही. मग धुराच्या कायद्याने उघडलेलं दार तिच्यात असेलच असं नाही. कॅलिफोर्नियाने हे ओळखून, २०२६ च्या मॉडेलपासून विजेच्या गाड्यांनीही ठरावीक माहिती समान पद्धतीने उघड करावी, असा नियम २०२२ मध्ये केला होता. आपल्याकडे विजेच्या गाड्या वाढताहेत, आणि गोदामांमागच्या गॅरेजांत त्या येतील तेव्हा मिस्त्रीला त्यांची तक्रार वाचता येईल की नाही, हे ठरवायची वेळ आत्ताच आहे. कापूस कुलाब्याहून इथे आला तेव्हा कामगारही त्याच्यामागे आले. गिरणी गेली तेव्हा त्यांना कुणी काही विचारलं नाही. निदान या वेळी आधी विचारावं.

मामा आता सत्तरी पार करून गेलेत. रोज जात नाहीत, पण आठवड्यातून दोनदा गॅरेजात जाऊन बसतात. त्यांचा हाताखालचा मुलगा मोबाइलवर कोड वाचतो, आणि तो वाचून झाला की मामा त्याला एकच प्रश्न विचारतात, "बरं, आणि खरं काय आहे?" मुलाने फोनमध्येच एक यादी केली आहे, तीन रकान्यांची. मामांची वही त्याने मागितली होती. मामांनी अजून दिलेली नाही. म्हणाले, आधी स्वतःचा तिसरा रकाना पन्नास ओळींचा कर, मग देतो.